कवायतीच्या रायफली: निगा आणि निवृत्ती

प्रश्न : आमच्या एनसीसी तुकडीत जुन्या .303 रायफली आहेत. उन्हाळ्यात दस्ते खिळखिळे होतात. बोल्ट आवळायला गेलो तर एकीचे पुढचे लाकूडच चिरले. असे का झाले? आणि रायफल कंडम कधी ठरते?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो. लाकूड सुकून आकसते, दस्ता हलू लागतो. चीर मात्र उन्हाने पडलेली नाही. नं. 1 मार्क 3 या जुन्या .303 रायफलीत दस्त्याच्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि पुढच्या लाकडातल्या पट्टीच्या खाचेत बसते. बाहेरून बोल्ट फिरवला की तो चौकोन लाकूड आतून फाडतो. म्हणून आधी पुढचे लाकूड उतरवायचे, मगच बोल्ट आवळायचा. हे काम आर्मररकडेच (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच) द्या. तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर कच्च्या जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळा आणि तासाभराने पुसून घ्या. व्हार्निश अजिबात नको.

कंडम कधी, हे नळीच्या चकाकीवरून ठरवू नका. घासून चकचकीत केलेली नळीही आतून झिजलेली असू शकते. नळीतून उजेडाकडे पाहा : गोल काळी कडी दिसली तर नळी फुगलेली आहे. पुल-थ्रू (नळी पुसायची दोरी) तिरका ओढत राहिल्याने तोंडाशी एका बाजूला खाच पडते आणि नेम तिथेच बिघडतो. हेडस्पेस, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टचे (हा दस्त्याचा बोल्ट नव्हे) तोंड आणि नळीचे मागचे टोक यांतले अंतर, गेजने मोजतात. तो 0.074 इंचाच्या पुढे गेला तर गोळीबार बंद. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का, हेही बघा. साफसफाईत बोल्टांची अदलाबदल फार होते, आणि बोल्ट बदलला की हेडस्पेसही बदलतो.

डीपी (ड्रिल पर्पज) शिक्क्याची रायफल फक्त कवायतीची. तिच्यात चालू बोल्ट बसवून गोळी झाडणे जिवावर बेतेल. नादुरुस्त रायफल विकणे किंवा भंगारात देणे शाळा-कॉलेजच्या हातात नाही. ती युनिटकडे नोंदीसह परत जाते.

प्रश्न : .22 रायफलीचा ट्रिगर रिकामाच दाबून सराव केला तर चालेल का?
– एक कॅडेट, मुरार

उत्तर : नको. .22च्या काडतुसाचा स्फोटक मसाला कडेत असतो, त्यामुळे फायरिंग पिन कडेवरच आदळते. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामे असले की तो मार थेट चेंबरच्या ओठावर बसतो. तिथे कंगोरा उठतो आणि पुढे पुंगळी अडकू लागते. आर्मररकडून डमी काडतूस मागून घ्या. तोवर झाडलेली पुंगळी घालून सराव करा आणि दर वेळी ती थोडी फिरवा, म्हणजे पिन नव्या जागी बसेल.