जुनी पेटी, शिडी आणि पत्र्याचा टब: फार्महाऊस लूकबद्दल

तुमची अडचण अशी समजली: जुनी लाकडी पेटी पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवली, 'रस्टिक', म्हणजे वापरून जुनी झालेली, दिसावी म्हणून सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासल्या, आणि आता ती नाटकातल्या सामानासारखी दिसतेय. म्हणून शिडी, खिडकीची चौकट आणि पत्र्याचा टब यांना हात लावायचा धीर होत नाही. माझ्या पहिल्या स्टुलाचं मी अगदी हेच करून ठेवलं होतं.

रंगापेक्षा घासणं जास्त चुकलंय. खरोखर वापरलेल्या पेटीचा रंग कुठे जातो, ते आठवून बघा. झाकण उचलताना बोटं लागतात तिथे, कडी आपटून आपटून उमटलेल्या चंद्रकोरीत, आणि जमिनीवर ओढून ओढून खालच्या कोपऱ्यांत. मागे बिजागरीपाशी कुणाचा हात जात नाही, तिथला रंग शाबूत असतो. तुम्ही चारही कडा सारख्या घासल्यात, तिथेच ढोंग उघडं पडलं. पेटी दहा-बारा वेळा उघडा, मिटा, उचला, सरकवा. हात जिथे आपसूक पडतो तिथे पेन्सिलने खुणा करा आणि झीज फक्त तिथेच दाखवा.

ऑइल पेंटचा दुसरा त्रास म्हणजे त्याची चकाकी, आणि घासला की तो पापुद्र्यासारखा सोलवटतो. चॉक पेंट घ्या. ब्रिटिश रंगतज्ज्ञ अ‍ॅनी स्लोन यांनी तो १९९० मध्ये बाजारात आणला. आता बरेच जण तसा रंग बनवतात. तो खडूसारखा मंद दिसतो आणि घासल्यावर पिठासारखा निघतो, त्यामुळे झिजलेल्या जागेची कड मऊ राहते. आधीचा रंग खरवडू नका. २२० नंबरच्या पेपरने चकाकी मोडा, पुसा, खुणांवर साधी मेणबत्ती चोळा आणि वरून दोन पातळ हात द्या. मेणावर रंग धरत नाही, वाळल्यावर तिथे हलकंसं घासलं तरी निघून येतो. मात्र खाली आता तुमचा पांढरा ऑइल पेंटच दिसेल. लाकूड दिसायला हवं असेल तेवढ्याच जागा आधी १२० ने उघड्या करा. शेवटी वरून मेणाचं पॉलिश, नाहीतर प्रत्येक बोटाचा डाग बसेल.

शिडीला रंग लावूच नका, प्लीज. सौम्य साबणाने पुसा, सावलीत वाळवा, बस. एखादी पायरी नवी घालावी लागली आणि ती फारच फिकट दिसत असेल, तर बारीक स्टीलवूल (साध्या पोलादी तारांचा लोकरीसारखा गुंता) व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजवा. स्टेनलेसची घासणी चालत नाही, ती विरघळतच नाही. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. पायरीवर आधी कडक काळ्या चहाचा हात द्या. चहातल्या टॅनिन या तुरट घटकाशी हे लोखंडी पाणी भेटलं की लाकूड थोड्या वेळात करडं-काळपट होतं. आधी तुकड्यावर करून बघा, कारण प्रत्येक लाकूड वेगळं काळवंडतं. शिडीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील आणि खाली ताजा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत आहे. त्यावर उपाय केल्याशिवाय ती घरात आणू नका. जवसाचं तेल लावणार असाल तर चिंध्या गोळा करून टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा.

खिडकीच्या चौकटीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. पापुद्रे सुटलेला जुना रंग सुंदर दिसतो खरा, पण त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, बऱ्याच देशांत त्याहून उशिरा. ती चौकट कोरडी घासू नका, मशीन तर अजिबात नको. तीच धूळ पोटात जाते. आधी रंग तपासून घ्या. शिसं निघालं आणि घरात लहान मूल असेल, तर मी ती चौकट सोडून देईन.

शेल्फसाठी पॅलेट, म्हणजे माल ठेवायची लाकडी फळ्यांची चौकट, चालेल का, असंही विचारलंय. त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेलं, ते नको. शिक्का ठीक असला तरी काही सांडल्याचे डाग किंवा वास असेल तर तेही नको.

टब जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर त्याला व्हिनेगर लावू नका, मुलामाच निघेल. साबणपाण्याने धुवा. झाडं लावायची तर तळाला भोकं पाडण्यापेक्षा आत कुंड्या ठेवा आणि त्यांच्याखाली दोन विटा. पुढेमागे टब टब म्हणून वापरावासा वाटला तर अडणार नाही.