इंग्रजी रेसिपीत 'डॉलप' म्हणजे नक्की किती? आणि हा शब्द आला कुठून?

किती ते ठरलेलं नाही, तीच तर त्याची गंमत. टीस्पून, टेबलस्पून ही मापं आहेत, डॉलप हे माप नाहीच. मऊ, ओलसर, आकार नसलेला गोळा, चमच्यातून थबकन पडतो ना तसा. क्रीम, दही, जॅम असलं काही. आपल्या थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवतात तो अगदी परफेक्ट डॉलप, पण पिठल्यातल्या गुठळ्या म्हणजे डॉलप नाही हं, त्या लम्प्स, आणि शेतातलं ढेकूळ पण नाही कारण ते कडक असतं.

आता मजा अशी की शब्द मुळात किचनचा नाहीच, शेतातला आहे. थॉमस टसर म्हणून इंग्लंडमधला एक शेतकरी-कवी होता, त्याच्या 1573 च्या शेतीवरच्या पद्यात तो 'डॅलप' असा येतो आणि तिथे अर्थ आहे शेतात मध्येच उभा राहिलेला गवताचा किंवा पिकाचा झुबका. हा पूर्व इंग्लंडकडचा, म्हणजे नॉर्फोक-सफोक साइडचा बोलीतला शब्द, आणि नॉर्वेजियन बोलीत गोळ्याला 'डोल्प' म्हणतात त्याच्याशी नातं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मग 19व्या शतकात झुबक्याचा झाला गोळा, आणि खाण्याच्या पदार्थांना तो त्यानंतर चिकटला.

हल्ली लोक 'डॉलप ऑफ लक' पण म्हणतात, म्हणजे थोडंसं नशीब. रेसिपीत दिसला तर सरळ एक मोठा चमचा भरून घाला, सपाट करत बसू नका.