रिपोर्टमधलं ‘निगेटिव्ह’

प्रश्न : सासूबाईंच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ लिहिलंय. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. म्हणजे कॅन्सर नाही ना? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नाही हो, तसा अर्थ मुळीच काढू नका. ई-कॅडहेरिन हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. कॅल्शियमच्या मदतीने ते शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. ‘निगेटिव्ह’ म्हणजे गाठीच्या पेशींत हे प्रथिन दिसलं नाही, एवढंच. ते तपासायला गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यातून ३-४ मायक्रॉनचा काप काढून त्यावर अँटिबॉडी घालतात. ती प्रथिनाला चिकटली, की पुढच्या रंगप्रक्रियेत पेशींच्या कडा तपकिरी होतात.

स्लाइड हातात आली की मी आधी गाठीकडे बघतच नाही, शेजारच्या निरोगी दुग्धनलिका शोधते. त्यांच्या कडा जाळीसारख्या तपकिरी उठल्या असतील, तरच रंग नीट लागला असं धरते. मग गाठीतल्या पेशी निळ्याच राहिल्या आणि सुट्या होऊन एकामागे एक ओळीत दिसल्या, तर तो बहुधा लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या खंडिकांच्या नावाने ओळखला जाणारा) प्रकारचा कॅन्सर. यात बऱ्याचदा हे प्रथिन बनवणाऱ्या सीडीएच१ जनुकात बिघाड असतो. काही लोब्युलर गाठींत हे प्रथिन टिकूनही राहतं, म्हणून एकट्या अँटिबॉडीवर निदान करू नये, हे माझं ठाम मत.

उपचार मुख्यतः ईआर, पीआर (गाठीच्या पेशींतली, हार्मोन्सना प्रतिसाद देणारी प्रथिनं), हर-टू (पेशींची वाढ घडवणारं प्रथिन) आणि आजाराचा टप्पा यांवर ठरतील. हा प्रकार मॅमोग्राफीत कधी कधी नीट दिसत नाही. एमआरआय लागेल का, हे विचारा. याच आठवड्यात ऑन्कोलॉजिस्टकडे जा आणि सासूबाईंना सोबत न्या. बोलणं त्यांच्यासमोरच होऊ द्या.