स्टोअरची किल्ली हाती आली आहे तर

सातपूर, नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

डिप्लोमा मेकॅनिकलचा, अर्ज डिझाइनसाठी आणि अंबडच्या कारखान्यात हाती आली ती स्टोअरची किल्ली. हिरमुसली असशील, साहजिक आहे. स्टोअर म्हणजे शिक्षा, असं मशीनशॉपमध्ये सर्रास बोलतात. पण कोणतं मशीन टिपा (धातू कापणारी, बदलता येणारी छोटी पाती) खातं, कोणता पुरवठादार गुरुवारचा माल सोमवारी देतो, कुणाच्या लॉकरमध्ये नवीकोरी बेअरिंगं दडलेली आहेत, हे त्या खिडकीतून दिसतं तेवढं डिझाइनच्या टेबलावरून दिसत नाही.

पहिल्या आठवड्यात एकही वस्तू हलवू नकोस. जुन्या हेल्परच्या डोक्यात त्या खोलीचा नकाशा असतो. तू उत्साहाने आवरायला घेतलंस की तो नकाशा मोडतो, आणि तुझा अजून तयार झालेला नसतो. आधी फक्त पत्ते दे. रॅक, मजला, बिन (सुट्या वस्तूंचा डबा) या क्रमाने, म्हणजे ‘ब-३-२’. पत्ता बिनवर लिही आणि त्या वस्तूच्या आवक-जावकीच्या कार्डावरही. मग दिवसाला एक रॅक घे.

आवरताना एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी ठेवायचा मोह होतो. तो टाळ. सीएनएमजी १२०४०८ आणि १२०४०४ या टिपा हातात घेतल्या तर भावंडं वाटतात, पण शेवटचे दोन आकडे टोकाच्या गोलाईचे आहेत: ०८ म्हणजे ०.८ मिमी, ०४ म्हणजे ०.४. ड्रॉइंगमध्ये कोपरा ०.४ चा असताना ०८ लागली, तर कोपऱ्यात माल जास्त उरतो आणि त्यावर बसणारा भाग खांद्याला, म्हणजे पायरीला, टेकत नाही. उलट, जाड कट घेताना ०४ लागली तर टोक लवकर उडतं. म्हणून सुटी टिप खिडकीतून द्यायची नाही आणि परत घेतानाही डबीतच घ्यायची. एम१० बोल्टचंही तसंच. नेहमीचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी, बारीक आट्यांचा १.२५. चुकीचा नट दोनेक फेरे चढतो, मग अडतो. मग कुणीतरी पान्याला पाइप लावून जोर करतो आणि आटे जातात. हे दोन बोल्ट वेगवेगळ्या रॅकवर ठेव आणि पिच गेज खिडकीला दोरीने बांधून ठेव. (दोरी हवीच. सुटं गेज आठवडाभरही टिकत नाही.)

शिल्लक चुकते ती बहुतेकदा एककामुळे. वायरचं बंडल ९० मीटरचं, बिलात ‘१ नग’, आणि मागणीची चिठ्ठी येते १२ मीटरची. प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर एकक ठळक लिही: नग, मीटर की किलो. वॉशर काट्यावर मोजणार असशील तर नमुना १०० नगांचा घे. १० नगांच्या वजनात काटा एक ग्रॅम चुकला तर हजारांत १०० ग्रॅमचा घोळ होतो, १०० च्या नमुन्यात तोच १० ग्रॅमवर येतो.

रोज दहा वस्तू मोज. पाच कागदावरून रॅककडे, पाच रॅकवरून कागदाकडे. पहिल्या मोजणीत हरवलेला माल कळतो, दुसरीत नोंदच नसलेला. संध्याकाळी कार्डावरचे ४७ आणि बिनमधले ४७ जुळले की जे बरं वाटतं, ते बाहेरच्याला समजावून सांगता येत नाही.

मागणी कधी लावायची? टिपा रोज ४ लागत असतील आणि माल यायला ६ दिवस, तर २४. त्यावर दोन दिवसांची उशी ८, म्हणजे ३२. या ३२ टिपांची लाल पिशवी बिनच्या तळाशी ठेव. पिशवी फोडली की त्याच दिवशी मागणी गेली पाहिजे. ६ दिवस मात्र पुरवठादाराच्या तोंडचे नकोत, मागच्या तीन बिलांवरून काढ. आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास उशी वाढव, गाड्या अडतात.

आपल्याकडचा पावसाळा स्टोअरचा वैरी आहे. खोके फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नकोस. कांदाचाळीला खालून हवा लागते, तशी यांनाही लागते. बेअरिंगचं पाकीट बसवायच्या क्षणापर्यंत फोडू देऊ नकोस, घामाच्या बोटांचे ठसे गंजतात. २१० लिटरचं तेलाचं पिंप उघड्यावर उभं असेल तर झाकणावर पाणी साचतं, आणि दिवसाच्या उष्णतेनंतर रात्री गार होताना पिंप ते पाणी बुचातून आत ओढतं. पिंप आडवं कर, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. ७०१८ चे वेल्डिंग रॉड दमट झाले की उन्हात वाळवतात, त्याने काही होत नाही. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, साधारण ३०० ते ३५० अंशांवर, भट्टीत भाजावे लागतात. नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि नंतर तडा जातो. व्ही-बेल्ट एका खिळ्यावर टांगू नकोस, तिथेच मुडपतो.

स्टोअरमधून पुढे कसं जायचं, हे विचारलंस म्हणून सांगतो. दोन वर्षं नुसत्या चिठ्ठ्या फाडल्यास तर अडकशील, हे खरं आहे. कारखान्याचा हिशेब सॅप या सॉफ्टवेअरवर असेल तर त्यातली मालाच्या नोंदीची मिगो स्क्रीन आणि तिचे कोड शिकून घे: माल आला १०१, उत्पादनाच्या ऑर्डरला दिला २६१, विभागाच्या खर्चात गेला २०१. वर्ष सरलं की वर्षभर न हललेल्या मालाची किमतीसह यादी कर आणि ती घेऊनच परचेस किंवा प्लॅनिंगमध्ये बदली माग. रिकाम्या हाताने मागू नकोस.

उद्या जाताना साधा मार्कर नेऊ नकोस, तेलकट बिनवर टिकत नाही. पेंट मार्कर ने, पांढरा, आणि बिन आधी कापडाने कोरडं पूस.

तुझा,
काका