आईबाबांना घेऊन दोन दिवस फिरायचंय, सोलापूरहून विजापूर बरं की बिदर?

सरळ विजापूर करा, शंभरेक किमी आहे, बिदर त्यामानाने लांब पडतं. गोलघुमटला सकाळी उघडल्या उघडल्या पोचा, नंतर शाळेच्या सहली येतात आणि वरच्या सज्जात नुसता कल्ला, मग भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येणं वगैरे विसराच. वर जायला मिनारातला अरुंद जिना आहे, सात मजले, आईबाबांचे गुडघे बघून ठरवा. इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, मात्र चुकवू नका, मला तर घुमटापेक्षा तोच भारी वाटतो, खिडक्यांच्या दगडी जाळीतच अक्षरं कोरलीयत. बिदरचा किल्ला, बहमनी वजीर महमूद गवानचा १४७२ चा मदरसा, बिदरी काम (काळ्या धातूवर चांदीची नक्षी) हे सगळं मस्तय आणि गर्दीही कमी, पण किल्ल्यातला रंगीन महाल बरेचदा कुलपात असतो, विचारून उघडून घ्यावा लागतो.