शांघायच्या 'द बंड' या नदीकाठाला हे नाव का पडलं? उठावाशी काही संबंध आहे का?

नाही, उठावाशी संबंध नाही. हा 'बंड' म्हणजे बांध. फारसीतला 'बंद' हिंदुस्थानीतून इंग्रजांच्या तोंडी बसला आणि त्यांनी तो चीनपर्यंत नेला. पुण्याच्या बंड गार्डनमधला 'बंड' तोच, मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याचा.

चिनी लोक मात्र या भागाला 'वाइतान' म्हणतात, म्हणजे बाहेरचा काठ. ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या 1842 च्या नानजिंग तहानंतर, 1843 मध्ये शांघाय परदेशी व्यापाराला खुलं झालं. तोवर हुआंगपू नदीचा हा काठ म्हणजे दोरांनी नावा ओढणाऱ्यांची चिखलवाट होती. मग बांध घालून रस्ता झाला आणि पेढ्या, बँका उभ्या राहिल्या. त्यातला बराच पैसा अफूचा होता, हे इमारतींचं कौतुक करताना विसरू नये. घड्याळाच्या मनोऱ्याचं कस्टम हाउस 1927 चं. हिरव्या निमुळत्या छपराचं ससून हाउस 1929 चं; मुंबईत ससून डॉक बांधणाऱ्या घराण्यातल्याच व्हिक्टर ससून यांनी ते उभारलं.

फक्त एक लक्षात ठेवा: हे नाव एकट्या शांघायचं नाही. चीनमधल्याच हानकौ शहराच्या आणि जपानमधल्या योकोहामाच्या किनाऱ्यांनाही इंग्रज 'बंड'च म्हणत.