जुन्या सर्व्हरला नेटवर्क कार्ड टाकायचंय, पीसीआय-एक्स घेऊ की पीसीआय एक्सप्रेस? म्हापशातला दुकानदार म्हणतो सर्व्हरला एक्सच दणकट

एक्सप्रेस. दोन्ही कार्ड खोचायच्या स्लॉटचे प्रकार, एक्स जुना, एक्सप्रेस नवा. एक्सप्रेस स्लॉट असेल तर विचारच नको. पण ते "दणकट" वाचलं नि डोकं फिरलं, कारण हाच शब्द आमच्या वेर्ण्याच्या कारखान्यात एका सप्लायरने वापरलेला.

सर्व्हरमध्ये दोन्ही स्लॉट होते, मी एक्सप्रेस मागवा म्हणून घसा कोरडा केला, पण ह्या बाबाने एक्सचं लांबलचक कार्ड साहेबांच्या टेबलावर ठेवलं, कार्डाचे सोनेरी दात दाखवले नि म्हणाला, ६४ बिट, १३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला हजार एमबीच्या वर. साहेब खूश. अहो, पण तो आकडा अख्ख्या बसचा, म्हणजे सगळी कार्डं मिळून वापरतात त्या डेटाच्या रस्त्याचा, एका कार्डाचा नव्हे! आणि १३३ सुद्धा बसवर एकच कार्ड असेल तर, दोन झाली की १००. ह्याने तर त्याच बसवर रेड कार्ड, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, ठेवलं, वर वजनकाट्याचं जुनं ३३ मेगाहर्ट्झचं सिरियल कार्ड खोचलं. अनमोड घाटात पुढे ओव्हरलोड ट्रक असला की मागच्यांचं होतं तेच झालं, सगळीच ३३ वर. उरले २६६ एमबी, तेही वाटून, आणि बॅकअपचा डेटा नेटवर्क कार्डातून आत येणार नि त्याच बसवरून डिस्ककडे जाणार. सकाळची शिफ्ट आली तरी बॅकअप चालूच, नि सप्लायर म्हणतो केबल तपासा. शेवटी मी ते सिरियल कार्ड उपटलं, काट्याला यूएसबी कन्व्हर्टर लावला, तेव्हा कुठे बॅकअप रात्रीत आटपायला लागला. साहेबांनी श्रेय केबलवाल्याला दिलं, ते जाऊ दे.

एक्सप्रेसमध्ये प्रत्येक लेन, म्हणजे डेटाची वाट, कार्डाची स्वतःची, पहिल्या पिढीत २५० एमबी जायला नि तेवढेच यायला, दुसरीत ५००. एका गिगाबिट पोर्टला १२५ लागतात, म्हणजे एक लेन पुष्कळ. दहा गिगाबिटचे दोन पोर्ट असतील तर मात्र बघून घ्या, स्लॉट दिसायला आठ लेनचा नि आतून वायरिंग चारचंच असं सर्रास असतं, दुसऱ्या पिढीचं कार्ड तिथे दोन हजारावर अडकतं, लागतात अडीच हजार. स्लॉट तिसऱ्या पिढीचा असला तरी कार्ड जुनं ते जुनंच चालतं.

हां, एक्सप्रेस स्लॉटच नसेल तर एक्स घ्या बापडे, गिगाबिटला पुरतं, फक्त त्या बसवर दुसरं काही लावू नका. आणि दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या की बस किती मेगाहर्ट्झवर चालेल. आमच्यावाल्याने तेवढं शेवटपर्यंत लिहून दिलं नाही.